समुद्रपक्षी तलावात सोडण्याआधी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

मागणी एकच आहे. देशावर कुठेही अनोळखी समुद्रपक्षी सापडला, तर त्याला सोडण्याआधी किंवा पुरण्याआधी नीट फोटो काढावेत, असा लेखी आदेश आपल्या खात्याने काढावा.

भर पावसाळ्यात आणि चक्रीवादळांनंतर अरबी समुद्रावरचे पक्षी वाऱ्याने घाट ओलांडून आत येतात आणि थकून मिळेल तिथे उतरतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे असाच एक उसाच्या फडात सापडला. वनरक्षक धावत आले, पक्ष्याला जपून टोपलीत ठेवलं, संध्याकाळी गावच्या तलावावर सोडलं. पंचनाम्यात लिहिलं : 'पाणकोंबडीसारखा पक्षी, एक नग.' फोटो एकच, तोही टोपलीच्या फटीतून. तो सूटी टर्न होता की ब्रायडल्ड टर्न (टर्न म्हणजे सुरय, दोन्ही समुद्रावरचे), हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हा हौशी लोकांचा काथ्याकूट नव्हे. ब्रायडल्ड टर्न आपल्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करतो. सूटी टर्नची वसाहत लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावरची. वादळाने कुठले पक्षी भरकटवले, हे अशा नोंदींवरूनच कळतं. आणि ओळख पटवणं अवघड नाही. ब्रायडल्डच्या कपाळाचा पांढरा पट्टा भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो, सूटीचा डोळ्यापाशीच थांबतो. सूटीचं पिल्लू मात्र अंगाने काळपट, पाठीवर पांढरे ठिपके. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतील तर तो टर्नच नाही. पेट्रेल किंवा शिअरवॉटर, हे वेगळ्याच गटातले समुद्रपक्षी. म्हणजे फोटो हवेत ते असे : डोकं बाजूने, पंख उघडून वरून आणि खालून, शेपटी, पाय, शेजारी मोजपट्टी, पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असल्यास तिचा क्रमांक. दहा मिनिटांचं काम.

तलावात सोडणं तर थांबवाच. सूटी टर्नची पिसं पाणी फारसं अडवत नाहीत. भर समुद्रातही तो पाण्यावर विसावत नाही. आधी पशुवैद्य, मग किनारा.

मेलेल्या पक्ष्याचं वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून मेलेला पक्षी दिसला की पुरायची घाई होते. भीती रास्त आहे. पण हातमोजे घालून, पशुसंवर्धन खात्याकडून तपासणी करून घेऊन, धोका नसल्यास तो मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राकडे पाठवता येईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आम्ही नागरिक तो घरी ठेवू शकत नाही, ठेवूही नये. हे आपल्याच खात्याला करावं लागेल.

खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्यालाही ही सूचना द्यावी : 'हात लावण्याआधी फोटो काढा, चोचीचा आधी.' आदेश मेअखेर निघाला तर याच पावसाळ्यात उपयोगी पडेल.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक