ओला कचरा आवारातच जिरवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी समिती

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी आमच्या जिन्यात हात धरून बसल्या होत्या. कुणीतरी फुटका काचेचा ग्लास खरकट्यातच बांधून टाकला होता. तो वेगळा काढताना त्यांचा तळहात कापला. मी हळद लावून चिंधी बांधली आणि त्यांनी त्याच हाताने पुढची पिशवी सोडली. पिशव्या आपल्याच घरांतल्या होत्या. तेव्हापासून मन स्वस्थ नाही, म्हणून हे पत्र.

ब विंगमधली आम्ही नऊ घरे दिवाळीपासून गच्चीवर दोन जाळीच्या क्रेटमध्ये ओला कचरा जिरवतो आहोत. सुरुवातीला चिलटे झाली, वासही आला. शेजाऱ्यांनी तक्रार केली ती रास्तच होती. आमचा पाचोळा कमी पडत होता. आता एका डब्याला दोन डबे वाळकी पाने आणि अधूनमधून आंबट ताक घालतो. मूठभर उचलून दाबले की हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये, एवढेच सांभाळावे लागते. फाटकाजवळच्या जास्वंदीला घातलेले खत त्यातलेच आहे.

पाचोळ्याची आपल्याकडे कमी नाही. दर उन्हाळ्यात तो मागच्या भिंतीपाशी जाळला जातो आणि धूर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या खोलीत शिरतो. तोच पाचोळा आम्हाला द्या.

2016 च्या घनकचरा नियमांनीच 5,000 चौ. मी.पेक्षा मोठ्या आवारांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले होते, आणि आपले आवार त्याहून मोठे आहे. पण मला नियमापेक्षा पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे जास्त आठवतात. 2017 च्या एप्रिलमध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्यात जागोजागी ढीग साचले. आपल्याला तो त्रास काही आठवडे झाला. त्या गावांनी तो वर्षानुवर्षे सोसला, विहिरींच्या पाण्यासकट.

पंपरूममागची मोकळी जागा खतासाठी मिळावी, ही विनंती. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आम्ही नऊ घरे करू, देखभाल शुल्कातून काही नको. प्रत्येक विंगमधून दोघे जण पाळीने आले तर रोज अर्ध्या तासाचे काम आहे. मुलांनी तर आधीच पाळ्या वाटून घेतल्या आहेत!

वार्षिक सभेत या विषयाला वीस मिनिटे द्यावीत. आणि सभेची वाट न पाहता एक सूचना आजच फलकावर लावावी: काच वेगळ्या कागदात बांधून वर ‘काच’ लिहावे, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. मावशी उद्या सकाळी सातला येतील.

आपली नम्र,
एक सभासद, ब विंग