मागचा फोटो कुणी छापत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हेअर ट्रान्सप्लांटवर अर्धं पान आलं होतं, कोणती पद्धत चांगली म्हणून, एका बाजूला एफयूटी, म्हणजे मागून कातडीची पट्टी काढून केलेलं, दुसऱ्या बाजूला एफयूई, म्हणजे मागचे पुंजके एकेक करून काढून केलेलं, खाली टक्कल पडलेला माणूस आणि शेजारी तोच माणूस भांग पाडून हसताना. लेख होता की जाहिरात ते शेवटपर्यंत कळलं नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी होतं. मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत माझं सलून आहे, वडिलांपासूनचं, आणि दोन्ही पद्धतींनी केस लावून घेतलेली गिऱ्हाइकं माझ्या खुर्चीत महिन्या-दीड महिन्याला बसतात. डॉक्टर पेशंटला वर्षभर बघतो, आम्ही त्यानंतरही बघत राहतो, म्हणून लिहितोय.

त्या पानात तुलना केलीय ती सगळी पुढच्या फोटोवरून. आणि पुढून बघून कुठली पद्धत वापरली ते मला तरी ओळखता येत नाही, मी दिवसभर केसांतच हात घालून असतो तरी. कारण दोन्हीत फरक आहे तो फक्त मागून केस काढायच्या रीतीत. मुळासकट निघालेला एक, दोन, तीन किंवा चार केसांचा जो पुंजका असतो त्याला ग्राफ्ट म्हणतात, तो एकदा हातात आला की पुढे बारीक चीर पाडून त्यात बसवायचं काम दोन्हीकडे सारखंच. पुढून चांगलं दिसतं की वाईट, ते बसवणाऱ्यावर. कपाळाच्या अगदी कडेला एकेक केसाचे ग्राफ्ट लावलेत का, कड थोडी वेडीवाकडी ठेवलीय का, केस पुढच्या बाजूला झुकवून लावलेत का उभेच ठोकलेत. पट्टी लावून आखल्यासारखी सरळ रेघ असली की समजायचं, बिघडवलं. कोरड्या केसांत जेल लावून हे सगळं झाकता येतं, पण पाण्याचा स्प्रे मारला आणि कंगवा मागे फिरवला की दोन मिनिटांत बाहेर येतं. जाहिरातीतला एक तरी फोटो ओल्या केसांचा बघितलाय का कधी?

आता मागचं सांगतो, खरी तुलना तिथे आहे. एफयूटी म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूने कातडीची आडवी लांब पट्टी काढतात, रुंदीला साधारण एक-दीड सेंटीमीटर, लांबी किती केस पाहिजेत त्यावर, कधी या कानापासून त्या कानापर्यंत, आणि दोन्ही कडा ओढून टाके घालतात. ती पट्टी मग टेबलावर मायक्रोस्कोपखाली धरून एकेक ग्राफ्ट सोडवतात. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात, मागे राहते एक रेघ. ही रेघ चांगल्या हातची असली तर मला कंगव्याने केस वर उचलून शोधावी लागते, एक-दोन मिलिमीटर, त्यातूनही काही केस उगवलेले, कारण कड एका विशिष्ट पद्धतीने तासून शिवली की व्रणातून केस येतात. पण कातडी आधीच ताठ असली, किंवा माणूस पंधरा दिवसांत जिमला जाऊन वजनं उचलायला लागला, तर तीच रेघ पसरते. बोटभर रुंद, चकचकीत, केस नसलेली पट्टीही मी बघितलीय. अशा माणसाला मी मशीनचा चार नंबर लावतो, फारतर तीन (नंबर जेवढा लहान तेवढे केस बारीक), त्याखाली गेलं की उघडं पडतं. ते स्वतःच बसताना हळू आवाजात सांगतात, मागे जास्त बारीक करू नका.

एफयूईमध्ये पट्टी नाही आणि टाके नाहीत, हे खरं. मागची बाजू पूर्ण भादरतात आणि एक मिलिमीटरहून थोड्या कमी तोंडाच्या पंचने, म्हणजे पोकळ गोल पात्याच्या अवजाराने, एकेक ग्राफ्ट गोल कापून ओढून काढतात. आठवड्याभरात खपल्या पडतात, माणूस कामावर जातो. दुखणं कमी, मागे टाके ओढल्यासारखं वाटणं नाही, हेही खरं. पण ‘डाग नाही, व्रण नाही’ हे जे तुमच्या पानावर मोठ्या अक्षरात होतं ते साफ खोटं आहे. अडीच हजार ग्राफ्ट काढले तर अडीच हजार बारीक व्रण राहतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते पांढरट ठिपके म्हणून राहतात. एक-दोन नंबर मशीन मारलं तरी बहुतेकांचे लपतात, हा एफयूईचा मोठा फायदा, कुणी काही म्हणो. झीरो मारलं की दिसतात. हल्लीच्या पोरांना स्किन फेड पाहिजे असतो, कानाच्या वर पार कातडीपर्यंत, आणि नेमकं तिथेच ठिपके असले तर फेड कितीही सफाईने उतरवा, मध्येच पांढरी खडी सांडलेली दिसते.

आणि तिसरा प्रकार, जो गेल्या काही वर्षांत वाढलाय. पंच हातात घेतला की थांबायचं कुठे ते कळत नाही, ग्राफ्टमागे पैसे, म्हणून उपसत सुटतात. मग मागचे केसच विरळ होतात, कसर लागलेल्या शालीसारखे, इथे दाट तिथे झिरझिरीत, आणि कडेला मानेपर्यंत आणि कानाच्या अगदी वर भोकं. तिथले केस तर मुळात आज ना उद्या गळणारे असतात, ते काढून पुढे लावले तर तेही कधीतरी जाणारच. एफयूटीची रुंद रेघ तीन-चार नंबरच्या केसांखाली झाकली जाते, ह्याला झाकायला केस वाढवले तर उलट जास्त दिसतं. माझ्या हातात त्यावर काहीच उपाय नसतो, फारतर सगळेच केस बारीक करून फरक कमी दिसेल असं करतो.

एक प्रसंग सांगतो, त्यावरून दोन्हीतला फरक जेवढा कळतो तेवढा कुठल्याच फोटोवरून कळणार नाही. दहाव्याला घाटावर मुंडणासाठी मला बोलावतात. अशाच एका घरी दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले, वडील गेलेले. थोरल्याने बऱ्याच वर्षांपूर्वी पट्टी काढून केलेलं, धाकट्याने अलीकडे एफयूई. वस्तरा फिरला तशी थोरल्याच्या मागे कानापासून कानापर्यंत रेघ आली, आणि धाकट्याच्या डोक्यावर बारीक पांढरे ठिपके, उन्हात स्पष्ट. त्यांच्या आत्याला दोघांचंही माहीत नव्हतं, ती विचारत राहिली काय लागलं रे, कधी पडलास. आपल्याकडे कधी ना कधी डोकं भादरायची वेळ येते, घरच्या दुःखात नाहीतर तिरुपतीला, हे सेंटरमधला कुठला काउन्सेलर विचारतो का? खरं तर पद्धत ठरवताना पहिला प्रश्न हाच पाहिजे की बाबा तू मागचे केस पुढची वीस वर्षं किती लांब ठेवणार आहेस. पोलिसात किंवा लष्करात जाणारा असला, बारीक कट सक्तीचा, तर त्याने पट्टी काढू नये असं मी तोंडावर सांगतो. केस बऱ्यापैकी ठेवणारा, टक्कल मोठं, एका बैठकीत जास्त ग्राफ्ट पाहिजेत, असा असेल तर एफयूटी अजूनही वाईट नाही, कारण पट्टी निघते ती मागच्या सगळ्यात पक्क्या भागातून आणि बाकीची दाटी तशीच राहते. बायकांनाही बहुधा हेच परवडतं, मागची बाजू भादरावी लागत नाही. बरेच अनुभवी सर्जन आधी पट्टी आणि काही वर्षांनी उरलेल्यातून एफयूई असंही करतात, आणि रुंद झालेल्या रेघेत एफयूईने केस लावून ती बुजवतातही. तुमच्या पानावर मात्र एक ‘जुनी’ आणि एक ‘आधुनिक’. जुनं म्हणायचं तर १९५०च्या दशकातलं न्यूयॉर्कचं पंच ग्राफ्टिंग म्हणा, चार मिलिमीटरचे गोल तुकडे, वडिलांच्या एका गिऱ्हाइकाचे होते तसले, रांगेत उभे झुपके. आज जी एफयूटी करतात ती १९९५च्या सुमारास नीट मांडली गेली आणि एफयूईवरचा अमेरिकेतला गाजलेला पेपर २००२चा, म्हणजे अंतर किती ते बघा.

त्यात आता नावांचा बाजार. डीएचआय, सफायर, बायो, रोबोटिक, प्रत्येकाचं रेटकार्ड वेगळं. डीएचआय म्हणजे केस काढायची रीत एफयूईचीच, फक्त बसवताना पेनासारखं अवजार वापरतात. सफायर म्हणजे चीर पाडायचं पातं. रोबोट आहे तोही एफयूईच करतो. मागच्या बाजूला मला दिसतात ते ठिपकेच, नाव काहीही असो.

ग्राफ्ट आणि केस ह्यातही गंडवतात. ‘५००० केस इतक्या रुपयात’ असं वाचून माणूस खूश होतो, पण एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोनेक केस धरले तर ते झाले अडीच हजार ग्राफ्ट. आणि मागचा साठा काही अक्षय नाही. दोन्ही पद्धती मिळून आयुष्यभरात साधारण सहा हजार ग्राफ्टच्या आसपास मिळतात असं डॉक्टर सांगतात, कुणाला कमी, दाट केसवाल्याला थोडे जास्त. काढलेल्या जागी परत उगवत नाही. आता बावीस वर्षांचा पोरगा, लग्न ठरायच्या आत पाहिजे म्हणून अर्धा साठा कपाळावर खाली आणलेल्या रेघेत खर्च करून येतो, आणि तिशीत त्या रेघेमागचे स्वतःचे केस गळून सरकले की पुढे लावलेल्या केसांचं बेट आणि त्याच्या मागे मोकळं मैदान. केसगळतीची गोळी किंवा लोशन चालू ठेवावं लागतं, लावलेले केस टिकले तरी आधीचे गळायचे थांबत नाहीत, हे त्याला पैसे भरल्यावर कळतं. दाढीचे केसही एफयूईने काढता येतात, पण ते जाड आणि राठ, मध्ये मिसळले तर खपतात, कपाळाच्या कडेला लावले की लांबून ओळखू येतात.

आणखी एक, फोटोंच्या तारखा. ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन आठवड्यांत लावलेले केस गळायला लागतात, मुळं आत राहतात. दर वेळी कुणीतरी रडवेला होऊन माझ्याकडे येतो, सगळे पैसे बुडाले म्हणतो. बुडालेले नसतात, तीन-चार महिन्यांनी बारीक, कुरळट केस येतात आणि खरं चित्र नऊ महिन्यांनी ते वर्षाने दिसतं. म्हणून चौथ्या महिन्यातला फोटो आणि दीड वर्षाचा फोटो शेजारी ठेवून ‘ह्या पद्धतीचा रिझल्ट बघा’ म्हणणं ही सरळ सरळ दिशाभूल आहे.

शेवटी, करतंय कोण. माझ्याकडे एका सेंटरचा माणूस आला होता, आरशाला स्टिकर लावा, गिऱ्हाईक पाठवा, प्रत्येकामागे कमिशन. मी नको म्हटलं, पण आमच्यातले काही घेतात आणि दुकानाचं भाडं बघता त्यांना फार बोलायची माझी इच्छा नाही. पण काही ठिकाणी तर पंच मारणारा, चीर पाडणारा टेक्निशियनच, डॉक्टर फोटोपुरता. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम रीतसर शिकलेल्या डॉक्टरने, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाने करायचं, आणि यूट्यूब बघणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे. हे लिहायची वेळ का आली असेल? मुंबईत २०१९ मध्ये तासन्‌तास चाललेल्या ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता, तुम्हीही बातमी दिली असेल. कानपूरला २०२५ मध्ये दोन इंजिनियरांच्या मृत्यूचं प्रकरण उघडकीस आलं, त्यात ट्रान्सप्लांट दाताच्या डॉक्टरने केल्याचा आरोप आहे. एफयूईला टाके नाहीत म्हणून ती ऑपरेशनच नाही असा समज जाहिरातींनी पसरवलाय, आणि त्यातूनच ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत खुर्च्या लागतात. सुन्न करायचं इंजेक्शन दोन्हीकडे तेच, तासन्‌तास चालणारं काम दोन्हीकडे तेच.

तर संपादक साहेब, जाहिराती छापू नका असं मी म्हणत नाही, पेपरही चालला पाहिजे. पण जाहिरातीवर जाहिरात असं वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर मागून घ्या. आणि पुढच्या वेळी दोन पद्धतींची तुलना छापाल तेव्हा पुढच्या फोटोसोबत मागचाही मागा, केस ओले करून, एकाच उजेडात, खाली ऑपरेशनला किती महिने झाले, किती ग्राफ्ट काढले आणि मशीन किती नंबरचं मारलंय तेही लिहा.

आपला,
एक सलूनवाला, डोंबिवली पूर्व