लकव्याच्या रुग्णाला घास भरवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लकवा झालेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले की खाटेवर आडवे ठेवूनच चमच्याने चहा, दूध, पेज पाजायची, ही आमच्याकडच्या खेड्यांतली सर्रास रीत आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांना आम्हीही असेच पाजत होतो. दोन घोटांनंतर त्यांना बारीक ठसका लागे, आवाज घशात पाणी साचल्यासारखा घरघरत येई, आणि थंडीचा खोकला असेल असे समजून आम्ही पुढचा चमचा भरत असू. आठवडाभरात ताप चढला. अन्न आणि लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा चूक उमगली. पहिल्या दवाखान्यातून सुटी देताना गोळ्यांच्या वेळा नीट लिहून मिळाल्या होत्या. भरवायचे कसे, याविषयी मात्र कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

घशात पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका असते. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या तोंडावर, पानाच्या आकाराची लवचिक कूर्चा उभी असते. तिला एपिग्लॉटिस म्हणतात. पुष्कळ लोक तिलाच पडजीभ समजतात, परंतु पडजीभ म्हणजे आ केल्यावर टाळूच्या शेवटी लोंबताना दिसते ती, आणि तिचा संबंध नाकाकडची वाट बंद होण्याशी आहे. घास आला की एपिग्लॉटिसचे झाकण पडते, एवढेच आपण शाळेत शिकलो. ते खरे असले तरी अपुरे आहे. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा: कंठमणी झटकन वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. स्वरयंत्र असे वर आणि पुढे उचलले जाते, जिभेचे मूळ मागे रेटते, तेव्हा कुठे ते झाकण आडवे होते. त्याच क्षणी खाली स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात उरकते. शस्त्रक्रियेत एपिग्लॉटिस काढावी लागलेली माणसेही पुन्हा गिळायला शिकू शकतात, ती या बाकीच्या बंदोबस्तामुळेच.

लकव्यात मेंदूकडून येणारा हुकूमच उशिरा किंवा अर्धवट पोचतो. म्हणून घट्ट घासापेक्षा पाणी आणि चहा अशा रुग्णांना अनेकदा जास्त बाधतात, कारण झाकण पडण्याआधीच पातळ पदार्थ खाली ओघळलेला असतो. घशाची संवेदना मंदावली असेल तर ठसकासुद्धा लागत नाही, आणि घरच्यांना वाटते, बाबा आज शांतपणे जेवले. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. त्यात आपल्याकडे ठसका लागला की "वर पाहा" म्हणत मान मागे करून पाणी ओततात. कमजोर घशाच्या माणसाची मान अशी मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. गुंगीत किंवा बेशुद्ध असलेल्या माणसाच्या तोंडात तर काहीच घालू नये.

सासऱ्यांना आता पाठीशी गादीची गुंडाळी लावून ताठ बसवतो, हनुवटी किंचित खाली ठेवतो, लहान चमचा देतो, आणि कंठमणी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा देत नाही. जेवणानंतर अर्धा तास त्यांना आडवे होऊ देत नाही. पातळ चहाऐवजी घट्ट आंबील द्यायला डॉक्टरांनी तपासून सांगितले; प्रत्येक रुग्णाचे पथ्य वेगळे असू शकते, म्हणून ही तपासणी घरी सोडण्याआधीच व्हायला हवी.

आपल्या वृत्तपत्रामार्फत आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे की, लकव्याच्या रुग्णाला सुटी देताना गोळ्यांच्या कागदावरच त्याला कसे बसवावे, काय आणि कसे भरवावे, हे सोप्या मराठीत लिहून द्यावे, आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना ते प्रत्यक्ष करून दाखवण्याचे प्रशिक्षण द्यावे.

आपली,
एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती