सिनेमा बघताना पिच मोज

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या बेसबॉल टीमला ‘हेडिंग होम: द टेल ऑफ टीम इस्राएल’ हा इस्राएलच्या बेसबॉल संघावरचा माहितीपट दाखवणार आहेस, उत्तम. पण त्यातला बराच वेळ खेळाडू, त्यांची घरं आणि जानेवारी 2017 मधली त्यांची इस्राएलची सहल यांतच जातो. माणसं म्हणून ते छान आहे. तुझ्या पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलींना, मात्र त्यातून एवढंच कळेल की जगात 41व्या क्रमांकाचा संघ 2017 च्या स्पर्धेत चमत्कार करून गेला. चमत्कार बिमत्कार काही नाही. तो संघ नियम वाचून खेळत होता.

पहिला नियम खेळाडू कोण असू शकतो याचा. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत त्या देशाचा पासपोर्ट असायलाच हवा असं नाही. त्या देशाचं नागरिकत्व मिळण्याचा हक्क असला तरी पुरतं. इस्राएलच्या कायद्यानुसार आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तर तो हक्क मिळतो. त्यामुळे संघ जवळजवळ सगळा अमेरिकन. (कोकणातले आपले बेने इस्राएल याच कायद्याने तिकडे गेले. तरीही त्यांच्या ज्यू असण्यावर तिथे शंका घेतली गेली आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला. सहलीची दृश्यं बघताना ते आठवतंच.)

पण अमेरिकन म्हणजे स्टार नव्हेत. ब्रेगमन आणि किन्सलर हे ज्यू स्टार 2017 मध्ये अमेरिकेकडून खेळले. शिवाय पात्रता फेरी सप्टेंबरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, मेजर लीगच्या, ऐन हंगामात. उरतात ते खालच्या, मायनर लीगमधले आणि करिअर संपत आलेले. 2012 च्या पात्रता फेरीत अशाच संघाने स्पेनविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये 9-7 अशी हार खाल्ली होती. 2016 मध्ये ब्रुकलिनला ग्रेट ब्रिटनला 9-1 हरवून ते मुख्य स्पर्धेत आले.

दुसरा नियम पिचच्या, म्हणजे पिचरने बॅटरला टाकलेल्या चेंडूंच्या, मर्यादेचा. सगळी गोम इथे आहे. 2017 मध्ये पहिल्या फेरीत एका पिचरला 65 पिच, दुसऱ्या फेरीत 80. 30 किंवा जास्त टाकल्या तर एक दिवस विश्रांती, 50 किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस. सलग दोन दिवस टाकल्या तरी एक दिवस सुट्टी. एका इनिंगला साधारण 15-16 पिच धर. म्हणजे पहिल्याच सामन्यातल्या कोरियाचा सगळ्यात मोठा पिचरसुद्धा चार इनिंगनंतर बाहेर! पुढच्या पाच इनिंग बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या. बलाढ्य संघाचं मुख्य हत्यार नियमच अर्धं बोथट करतो, आणि ज्याच्याकडे बरे पिचर पुष्कळ आहेत तो बरोबरीला येतो.

आता इस्राएलचा पिचर जेसन मार्किस याचा हिशेब बघ. वय 38, मेजर लीगमध्ये शेवटचा खेळला 2015 मध्ये. 6 मार्चला सोलला कोरियाविरुद्ध तीन इनिंग, एकही धाव नाही, आणि 50 च्या आत थांबवला. 50 पार झाला असता तर 9 तारखेला तो मिळालाच नसता. नेदरलँड्सविरुद्ध 9 ला त्याने फक्त एक इनिंग टाकली, कारण पुढची फेरी तोवर पक्की झाली होती. मग 12 ला टोकियोत क्यूबाविरुद्ध पाच इनिंग आणि दोन आऊट, एकच धाव. सामना 4-1 जिंकला. मॅनेजर जेरी वाइनस्टाइनने ही मोजदाद कशी सांभाळली ते या तीन तारखांतच दिसतं.

कोरियाचा सामना इस्राएलने 2-1 असा दहाव्या इनिंगमध्ये जिंकला. पहिली धाव बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर धावपटू) असताना मिळालेल्या वॉकवर, म्हणजे चार चुकीच्या पिचमुळे फुकट मिळालेल्या बेसवर; जिंकणारी इस्राएलच्या बर्चमच्या इनफील्ड हिटवर, म्हणजे आतल्या मैदानातच राहिलेल्या फटक्यावर. एकही होमरन नाही. तुझ्या बॅटरांना हे दोनदा सांग. दुसऱ्या दिवशी चायनीज तैपेईला 15-7 ने धुतलं, मग नेदरलँड्सला 4-2.

बिघडलं ते दुसऱ्या फेरीत. त्याच नेदरलँड्सने 13 ला 12-2 असा सामना आठव्या इनिंगमध्येच संपवला. सात इनिंगनंतर दहा धावांचा फरक झाला की मर्सी रूल लागतो. आदल्या दिवशी क्यूबा, दुसऱ्या दिवशी हे, बुलपेन किती पुरणार? जपानविरुद्ध पाच इनिंग 0-0 होतं. सहाव्यात जपानच्या त्सुत्सुगोच्या होमरनने सुरुवात झाली आणि त्या इनिंगमध्ये पाच धावा गेल्या. शेवट 8-3 अशी हार.

दाखवताना असं कर. प्रत्येकीला कोरा कागद दे. रकाने चार: पिचर, तारीख, इनिंग, पिच. सिनेमात आकडे तुकड्यातुकड्यांत येतात, सलग मोजता येणार नाहीत, म्हणून वरच्या तारखा आधी फळ्यावर लिही. मग तुमच्या पुढच्या सामन्यात एका राखीव मुलीला फक्त मोजायला बसव. दर बॅटरनंतर एकूण बेरीज लिहायची, 30 आणि 50 खाली लाल रेघ. फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके) हमखास सुटतात, तेही धरायचे. वॉर्मअपचे थ्रो आणि बेसवर टाकलेले थ्रो धरायचे नाहीत. बॅटर मध्यावर असताना 65 भरले तर त्या नियमात तो बॅटर पूर्ण करता येतो, पण पुढच्या बॅटरला नवी पिचर तयार हवी, म्हणून बुलपेनमधली मुलगी 50 ला वॉर्मअपला उठली पाहिजे, 65 ला नव्हे.

आणि इस्राएल संघाचा शुभंकर असलेला तो ‘मेंश ऑन अ बेंच’ बाहुला बघून पोरी तसाच हवा म्हणून हट्ट धरतील. धरू देत, पण तो बाहुला डगआऊटमध्येच (खेळाडूंच्या बाकाजवळ), स्कोअररच्या टेबलावर नको. तिथे लक्ष पिचवर हवं.

तुझे,
बाबा