चांदीचे सूत

फोंडा, श्रावण

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. प्रकृती ठीक आहे, पावसात गुडघे कुरकुरतात एवढेच. या पत्राचे कारण वाचून तू आधी हसशील, मग भांडशील. म्हणून तुलाच लिहितो.

फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारी आमची भाची चांदीचा मुलामा दिलेले, वीज वाहून नेणारे नायलॉनचे सूत घेऊन आली आणि कुणबी कापडाच्या तांबड्या चौकटींत त्याच्या पट्ट्या विणून द्या म्हणाली. त्या पट्ट्यांवरून तिला आजीच्या हृदयाचे ठोके मोजायचे आहेत. विणणे अवघड नव्हते. दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर मापन बिघडते, म्हणून मध्ये सुती धागे सोडले. आपल्याला एका बाकावर बसू न देणाऱ्या मास्तरांचे धोरण तेव्हा पटले.

भाची सांगते, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात योएल फिंक यांच्या गटाने 2021 मध्ये शेकडो सिलिकॉन चिप तंतूच्या पोटातच बसवल्या. तो तंतू सुईत ओवता येतो आणि किमान 10 धुण्यांत टिकतो. 10 धुणी! आपल्या घामाच्या हवेत तेवढी पंधरवड्यात होतात. गूगल आणि लिव्हाइजने 2017 मध्ये विजेच्या सुताची, स्पर्शाने फोन चालवणारी बाही असलेले जाकीट विकायला काढले, आणि 2023 मध्ये त्याचे ॲप बंद झाले. जाकीट शाबूत, बाही मुकी.

माझी काळजी त्याच्याही पुढची आहे. जुनी साडी गोधडीत जाते, जरीची असेल तर ती जाळून चांदी काढणारे घेऊन जातात. या कापडातला कापूस विरेल, चांदी काळवंडेल, नायलॉन तसेच राहील, आणि तिन्ही एकमेकांत अशी गुंतलेली की वेगळी कोण करणार? इचलकरंजीत पॉलिस्टरवरून आपण भांडलो तेव्हा 'टिकते ना?' एवढ्या एका वाक्यावर तू जिंकला होतास. तो विजय मला अजून मान्य नाही.

तूर्त पट्टी चोळीत न शिवता गुंड्यांनी काढता येईल अशी करायला भाचीला सांगितले आहे. तिला ते मागासलेले वाटते; आईला तर पट्टीच नको आहे, पण नातीपुढे तिचे काही चालत नाही.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? नातीच्या बारशाला येता आले नाही, राग असेल तर पत्रात काढ. आणि तुमच्याकडचे चिंध्यांचे व्यापारी असले मिश्र कापड घेतील का, हे विचारून उलट टपाली कळव. ते नाही म्हणाले, तर मागावरचा पुढचा ताणा मी नुसत्या सुताचाच लावीन.

तुझा,
रघू