‘इकडील सर्व खुशाल’ लिहिणाऱ्या बायका

महोदय,

१६ डिसेंबरची विजय दिवसाची पुरवणी मी दरवर्षी जपून ठेवते. १९७१ला माझे वडील सीमेवर होते. जवानांच्या कथा वाचताना ऊर भरून येतो, पण घरादारातल्या बायका त्या पानांत कुठेच भेटत नाहीत, याची खंत वाटते.

भुजजवळच्या माधापरचंच बघा. पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली तेव्हा दुरुस्तीला माणसं नव्हती. तळप्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी. त्यांच्या हाकेला गावातल्या सुमारे ३०० बायका धावून आल्या. कुणी तान्हं लेकरू शेजारणीकडे टाकून आलेली. वरून दिसू नये म्हणून अंगावर हिरव्या साड्या, धावपट्टीवर शेणाचा सडा, भोंगा झाला की झुडपात दडायचं. ७२ तासांत विमानं उडतील अशी पट्टी त्यांनी करून दिली. सगळ्यांना पाठ असावी अशी ही गोष्ट, पण आमच्या नातवंडांना ती ठाऊक नाही.

१९४३ला सिंगापूरला उभ्या राहिलेल्या, आझाद हिंद सेनेतल्या बायकांच्या झाशीची राणी पलटणीचंही तेच. कॅप्टन लक्ष्मींचं नाव निदान माहीत असतं. पण त्यांच्यामागे मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आलेल्या तमिळ मजुरांच्या पोरी होत्या. त्यांतल्या कितीकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. आपल्या तांब्यांच्या मनूच्या नावाने त्यांनी बंदूक उचलली.

आणि माझी आई. १९७१च्या डिसेंबरात ज्वारी पोटऱ्यात आलेली, बैलजोडीतला एक बैल गेलेला, आजी अंथरुणाला खिळलेली. आईला लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी गुरुजींकडे जाऊन ती पत्र सांगायची आणि दर वेळी बजावायची, ‘बैलाचं लिहू नका.’ पत्रात फक्त ‘इकडील सर्व खुशाल’. पोस्टमन वेशीत दिसला की हातातलं काम थांबायचं. तार आहे की पत्र, हे त्याच्या चालण्यावरूनच तिला कळायचं.

यंदाच्या पुरवणीसाठी आपले वार्ताहर सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी गावांत पाठवा, ही कळकळीची विनंती. तेव्हाच्या सुना आज ऐंशीच्या घरात आहेत. आईला कालचं जेवण आठवत नाही, पण वडिलांचा नंबर, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ हा लष्करी टपालाचा पत्ता ती अजून घडाघडा सांगते.

आपली,
एका फौजीची मुलगी, सातारा