कमाल तापमानाशेजारी पहाटेची आर्द्रता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानाच्या रोजच्या चौकटीत ‘कमाल तापमान ३४, आर्द्रता ९० टक्के’ अशी जोडी बहुतेक वर्तमानपत्रांत छापून येते, आपल्याही येते. यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असतो. शेजारी बसवले की मात्र ती जोडी खोटी होते, कारण ३४ अंश दुपारी तीनच्या आसपासचे आणि ९० टक्के पहाटेचे. दोन्ही एकाच वेळी खरे असते तर त्या हवेचा दवबिंदू ३२ अंशांवर गेला असता. इतका दवबिंदू जगात उथळ, तापलेल्या समुद्राच्या काठी कधीमधी नोंदला जातो. इतरत्र जवळपास नाहीच. वाचक बिचारा रोज ही जोडी वाचतो आणि आपण उकळत्या वाफेत राहतो अशी समजूत करून घेतो.

घोटाळा ‘टक्के’ या शब्दात आहे. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती वाफ राहू शकते, हे तापमानावर ठरते. शून्य अंशाला सुमारे ५ ग्रॅम, १० अंशांना ९, २० अंशांना १७ आणि ३० अंशांना ३०. म्हणजे दर १० अंशांना ही मर्यादा दुपटीच्या जवळ जाते. (हवा स्पंजासारखी पाणी शोषते असे पाठ्यपुस्तकी चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाकावे. त्या घनमीटरमध्ये हवा नसती, नुसती वाफच असती, तरी मर्यादा जवळपास तीच राहिली असती.) आपण छापतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे या मर्यादेच्या किती टक्के वाफ आत्ता हवेत आहे तो आकडा. वाफ तेवढीच राहून नुसते तापमान चढले तरी टक्के घसरतात.

पहाटे २४ अंश आणि ९० टक्के धरा. सूर्य वर आला, दुपारी ३४ अंश झाले, वाफ एका ग्रॅमनेही बदलली नाही असे समजू. आर्द्रता किती उरेल? ५० टक्के. वाचक म्हणेल हवा कोरडी झाली. ती मुळीच कोरडी झालेली नाही. आता याच्या शेजारी थंडीतली ८ अंशांची, ९५ टक्क्यांची सकाळ ठेवून पाहा. कागदावर ती जास्त दमट दिसते, पण तिच्या घनमीटरमध्ये सुमारे ८ ग्रॅम वाफ आहे आणि त्या ‘कोरड्या’ दुपारी सुमारे १९ ग्रॅम. ओठ कधी फुटतात आणि अंगाला कपडे कधी चिकटतात, हे कातडीला बरोबर कळते. चौकटीतल्या टक्क्यांवरून ते कळत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की टक्क्यांच्या जागी, किंवा निदान त्यांच्या जोडीला, दवबिंदू छापावा. हवा जशी आहे तशी गार करत नेली तर ज्या तापमानाला दव धरू लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. वाफ बदलली नाही तर तो दिवसभर जवळपास स्थिर राहतो, त्यामुळे कोणत्या तासाचा आकडा छापला यावर फारसे अडत नाही. वरच्या उदाहरणात पहाटेही दवबिंदू २२ अंश आणि दुपारीही २२. वाचायला तो सोपा आहे. १५ च्या खाली असेल तर घाम झटकन वाळतो, २० च्या वर चिकचिक सुरू होते आणि २४ च्या पुढे सावलीतही जीव नकोसा होतो. शेतकऱ्याला त्याचा आणखी उपयोग आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्रीचे किमान तापमान संध्याकाळच्या दवबिंदूच्या फार खाली सहसा जात नाही. तिथे पोचताच दव किंवा धुके धरू लागते आणि वाफेचे पाणी होताना किलोमागे सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते; तीच उतरत्या पाऱ्याला आवर घालते. दवबिंदू शून्याखाली असेल तर हा आवर उशिरा लागतो, आणि पीक गोठते ते अशाच कोरड्या, शांत रात्री.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल, हेही दवबिंदूवरून तोंडी काढता येते. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होत जातो, ती फुगते, फुगण्यात स्वतःची उष्णता खर्च करते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होते. तिचा दवबिंदूही उतरतो, पण किलोमीटरला जेमतेम २ अंश. म्हणजे दोघांमधले अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी मिटते, एका अंशाला १२५ मीटर. दुपारी ३४ आणि २२ असतील तर फरक १२, आणि कापसासारख्या ढगांचे सपाट तळ साधारण १,५०० मीटरवर. ते तळ एका रेषेत कापल्यासारखे का दिसतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. हा हिशोब जमिनीवरून तापून उठलेल्या ढगांपुरताच. विरळ पिसांसारख्या उंच ढगांना तो लावू नये.

आर्द्रता मोजायची जुनी रीत दोन तापमापकांची. एकाचा गोळा कोरडा, दुसऱ्याच्या गोळ्यावर ओल्या मलमलीचे एक पदरी पांघरूण आणि तिची वात खाली ऊर्ध्वपातित पाण्याच्या भांड्यात. पाणी उडताना गोळा गार होतो. हवा जितकी कोरडी तितका फरक जास्त. कोरडा ३० आणि ओला २४ दाखवत असेल तर आर्द्रता सुमारे ६१ टक्के. आता मलमल धुळीने कडक झाली, किंवा नळाचे पाणी वापरल्याने तिच्यावर क्षारांची पांढरी पापुद्री चढली, की पाणी नीट वर चढत नाही, बाष्पीभवन मंदावते आणि ओला गोळा २४ ऐवजी २६ दाखवू लागतो. आर्द्रता निघते ७३ टक्के. दोन अंशांच्या चुकीला बारा टक्के दंड, आणि चूक नेहमी एकाच बाजूची, हवा आहे त्याहून दमट दाखवणारी. आर्द्रतेच्या नोंदी संशयास्पद वाटल्या तर आधी मलमल बघावी, यंत्राला नंतर दोष द्यावा.

तापमानाच्या आकड्यालाही असेच अंग आहे. ‘उन्हात तापमान ४८ होते’ हे वाक्य बातम्यांत वाचले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचे तापमान सांगतो. काळ्या प्लॅस्टिकचा एक सांगेल, पांढऱ्याचा दुसरे. हवेचे तापमान मोजतात ते स्टीव्हन्सन पेटीत. लाकडी, पांढरी, चारही बाजूंनी दुहेरी झडपांची, हवा खेळेल पण ऊन आणि पाऊस आत येणार नाही अशी. तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर, खाली गवत किंवा तिथली नैसर्गिक जमीन. उत्तर गोलार्धात दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेताना दार उघडले तरी ऊन आत पडत नाही. गच्चीवर, भिंतीला टेकवून किंवा डांबरावर घेतलेला आकडा याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. मोबाइलवर दिसणारे तापमान तर बऱ्याचदा मोजलेले नसतेच. काही किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकाने काढलेला तो अंदाज असतो.

मोजण्याची रीत चुकली तर काय होते, याचा मोठा दाखला लिबियातल्या अल अझीझियाचा. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तिथे ५८ अंश नोंदले गेले आणि पुढची ९० वर्षे तो जगातला उच्चांक म्हणून पुस्तकांत राहिला. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये तो रद्द केला. मूळ नोंदवही तपासली तेव्हा दिसले की नेहमीच्या यंत्राऐवजी दुसऱ्या घडणीचा तापमापक वापरात होता, नोंद घेणारा बहुधा नवखा होता आणि नळीत कमाल तापमानाची खूण धरून ठेवणाऱ्या काटकीचे खालचे टोक वाचायचे ते सोडून त्याने वरचे वाचले असावे. चूक सुमारे ७ अंशांची. हस्ताक्षर बदलले त्या दिवसापासूनचे आकडे आजूबाजूच्या केंद्रांशी जुळेनासे झाले होते. कोणी शेजारच्या केंद्रांचे आकडे लावून पाहिले असते तर ते तेव्हाच लक्षात आले असते.

‘जाणवणारे तापमान’ हा हल्लीचा लाडका आकडा. ३४ अंश आणि ५० टक्क्यांना तो ३८-३९ येतो. त्यामागचे कोष्टक सावलीतल्या, मंद वाऱ्यातल्या माणसासाठी केलेले आहे. थेट उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. मथळ्यात तो ‘पारा ३९ वर’ असा छापला जातो तेव्हा पाऱ्यावर अन्याय होतो.

आता दाब. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन हवेचे वजन. जमिनीजवळ साधारण ८ मीटर चढले की १ हेक्टोपास्कल कमी होतो. तीन मजले चढा, मोबाइलमधला दाबमापक तो फरक दाखवील. ६०० मीटर उंचीवरच्या गावी हाच मापक ९४३ च्या आसपास आकडा देतो आणि वादळाच्या बातम्यांत ‘केंद्रातील दाब ९४५’ असे वाचलेला माणूस धास्तावतो. बातमीतला आकडा समुद्रसपाटीचा असतो, मोबाइलमधला ज्या त्या उंचीचा. उंचीचा परिणाम काढून टाकल्याशिवाय दोन ठिकाणांचे दाब शेजारी ठेवू नयेत.

दुसरा चकवा घड्याळाचा आहे. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि मधला फरक सहज ३ हेक्टोपास्कलचा. हा वातावरणाचा रोजचा श्वास आहे, वादळाची चाहूल नव्हे. दाब पडतोय का, हे बघायचे तर कालच्या याच वेळेच्या आकड्याशी तुलना करावी.

‘कमी दाबाचे क्षेत्र’ म्हणजे आकाशात पडलेली पोकळी, ही समजूतही चौकटीजवळच्या मजकुरातून पसरते. साध्या कमी दाबाच्या क्षेत्रात दाब आजूबाजूपेक्षा फक्त काही हेक्टोपास्कलने, म्हणजे एखाद्या टक्क्याने, खाली असतो. आजवर समुद्रसपाटीवर नोंदलेला सर्वांत कमी दाब १९७९ मध्ये पॅसिफिकमधल्या ‘टिप’ वादळाचा, ८७० हेक्टोपास्कल. तिथेही सात भागांतले सहा भाग हवा शिल्लक होतीच. पाऊस पडतो तो पोकळीमुळे नाही. कमी दाबाकडे चहूबाजूंनी हवा वाहत येते, खाली जमीन असल्याने तिला वर जाण्यावाचून मार्ग नसतो आणि वर गेली की ती फुगून गार होते. एक जाता जाता: दमट हवा जड असते असे सर्रास लिहिले जाते. उलट आहे. पाण्याच्या रेणूचे वजन १८, कोरड्या हवेचे सरासरी २९. वाफ मिसळली की हवा हलकी होते.

पावसाबद्दल थोडे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी, हेक्टरला १०,००० लिटर. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिमी पडला तर २,५०० लिटर. घरी पाऊस मोजायचा असेल तर आतून १० सेंमी व्यासाचे नरसाळे बाटलीवर घट्ट बसवावे. तोंडाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, म्हणून १ मिमी पावसाचे ७.८५ मिलिलिटर पाणी; १५७ मिलिलिटर साठले तर पाऊस २० मिमी. लोक इथे चूक करतात ती अशी की बाटलीला बाहेरून पट्टी लावून पाण्याची उंची वाचतात. बाटलीचा व्यास ५ सेंमी असेल तर तोच २० मिमी पाऊस ८० मिमी दिसतो, आणि ‘आमच्या भागात अतिवृष्टी’ असा निरोप सगळीकडे फिरतो. तोंड सपाट, जमिनीपासून ३० सेंमीवर, म्हणजे शिंतोडे आत उडणार नाहीत. झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. जोराच्या वाऱ्यात थेंब तोंडावरून तिरके निघून जातात आणि पाऊस कमी मोजला जातो. यावर घरगुती उपाय नाही.

‘पावसाची शक्यता ७० टक्के’ याचा अर्थ ७० टक्के भागात पाऊस किंवा दिवसाच्या ७० टक्के वेळ पाऊस असा नाही. असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी सातांत तुमच्या जागी मोजण्याइतका पाऊस पडेल, एवढेच त्यात म्हटलेले असते. तो किती पडेल हे त्यात नाही.

शेवटची विनंती तारखेची. पाऊस सकाळी ठराविक वेळी मोजतात आणि तो आधीच्या २४ तासांचा असतो. ‘मंगळवार, ४२ मिमी’ असे छापले जाते तेव्हा तो सगळा पाऊस सोमवारी दुपारीच पडून गेलेला असू शकतो, आणि मंगळवारी कोरडे ऊन बघितलेला वाचक आकड्यावर विश्वास ठेवणे सोडतो. ‘आज सकाळी अमुक वाजता संपलेल्या २४ तासांत’ एवढे शब्द चौकटीच्या डोक्यावर घालावेत, आणि कमाल तापमान व आर्द्रता यांच्या पुढे कंसात त्यांच्या त्यांच्या वेळा.

आपला,
एक वाचक